खांद्याजवळील दुर्मीळ अस्थिभग्न : तैलापूर्वी निदान

खांद्याजवळ प्रगंडास्थीचा भग्न उतारवयात वारंवार आढळतो. त्यांपैकी बहुसंख्य भग्न झोळीच्या आधाराने व क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामाने बरे होतात. ब्रिटनमधील २५० रुग्णांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडाच्या मानेजवळील सरकलेल्या भग्नांत शस्त्रक्रिया व झोळी यांच्या दोन वर्षांनंतरच्या फलितांत लक्षणीय फरक दिसला नाही. या निष्कर्षाने आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटेल. परंतु सांधा निखळून झालेले भग्न त्या अभ्यासातून वगळलेले होते, ही गोष्ट विसरता येणार नाही.

अशा दुर्मीळ भग्नांतील एक म्हणजे प्रगंडास्थीच्या शिराच्या पुढील लहान उंचवट्याचा भग्न. अपस्माराचा झटका, विजेचा धक्का किंवा हात जोराने बाहेर पिळला जाणे ही त्याची कारणे. कित्येकदा त्याबरोबर सांधा मागील बाजूस निखळतो व हात बाहेर वळत नाही. केवळ समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात तो निसटू शकतो. काखेच्या दिशेने घेतलेले चित्र वा सी.टी. स्कॅन आवश्यक ठरते. तुकडा सरकलेला असल्यास तो स्क्रू अथवा टाक्यांनी जागेवर बसवावा लागतो. विलंब झाल्यास तो चुकीच्या जागी जुळतो आणि हात आत वळविण्याचे बळ उणावते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात निखळलेल्या अंससंधीसाठी मुसळाने काख उचलून सांधा बसविणे व स्वस्तिकबंध सांगितला आहे. त्या काळी क्ष-किरण नव्हते. आज ते उपलब्ध असताना भग्नाची शंका असलेला खांदा चित्राविना ओढणे अथवा मर्दन करणे हे आचार्यांच्या विवेकाशी सुसंगत नाही. बंध सैल असल्यास संधी स्थिर राहत नाही, अतिघट्ट असल्यास शोथ व वेदना उद्भवतात, इतका सूक्ष्म विचार करणारे शास्त्र निदानात ढिलाई कशी मान्य करील?

शस्त्रक्रियेनंतर मात्र आपले कार्य मोठे आहे. जोडलेल्या स्नायूवर ताण येऊ नये म्हणून साधारणतः पहिले सहा आठवडे हात बाहेर वळविण्यावर मर्यादा असते. ती शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याविना शिथिल करू नये. बोटे, मनगट व कोपर मात्र प्रारंभापासून हलते ठेवावे. व्रण पूर्ण भरल्याविना तैल लावू नये. गुग्गुळकल्प देण्यापूर्वी रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत आहे का, हे विचारावे. तंबाखू सोडवावी, आहार पौष्टिक ठेवावा. तळहाताच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग सैंधव, मग दगड धरावयास सांगणारे आचार्य पुनर्वसनाचा हाच क्रम शिकवितात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. खांदेदुखीसाठी तेल मागणाऱ्यास आधी विचारावे : पडलात का? झटका आला होता का? विजेचा धक्का बसला होता का? उत्तर होकारार्थी असल्यास तेलाची बाटली बाजूस ठेवून त्यास प्रथम क्ष-किरण तपासणीस पाठवावे. त्या दिवशी एक विक्री बुडेल. पण एक हात वाचेल, आणि शास्त्राची प्रतिष्ठाही.