वही आपली, किल्ली परक्याची

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत चालत गेलें, तर दुकानोदुकानीं एक दृश्य हमखास दिसतें. पाटावर नव्या वह्या मांडलेल्या, त्यांवर स्वस्तिक रेखलेलें आणि शेजारीं हळदकुंकू लावलेला संगणक. व्यापाऱ्यानें संगणकाला वहीच्या मानाला बसविलें, यांत वावगें कांहींच नाहीं. त्याची कीर्द, खतावणी, उधारी आणि जीएसटीचीं विवरणें आतां खरोखरच त्या पेटींत आहेत. पण वही ज्या दिवशीं विकत घेतली, त्याच दिवशीं ती सर्वस्वीं मालकाची होत असे. कागदाच्या गिरणीनें दहा वर्षांनीं दारांत येऊन ‘या वहींत लिहिण्याची मुदत संपली’ असें कधीं बजावलें नाहीं. संगणकाविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. गल्ल्याची किल्ली सख्ख्या भावाच्या हातीं देतांना दोनदां विचार करणारा व्यापारी वहीची किल्ली सातासमुद्रांपलीकडच्या कंपनीच्या हवालीं करून निश्चिंत झोपतो, याचें आम्हांस नवल वाटतें. आणि ज्या सुशिक्षितांनीं त्याला जागें करावयाचें, ते त्याहून गाढ झोपले आहेत, याचा खेद वाटतो.

हा विषय आजच काढण्याचें कारण उघड आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं बाजारांत आणलेल्या विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. प्रणाली बंद पडली नाहीं. परंतु तिच्यांत नव्यानें सांपडणारीं भगदाडें बुजविण्याची जबाबदारी कंपनीनें अंगावेगळी केली. व्यावसायिकांस वाढीव देखभाल हवी असल्यास पहिल्या वर्षीं दर यंत्रामागें ६१ डॉलर, पुढें दरवर्षीं त्याच्या दुप्पट, आणि तीही फार तर तीन वर्षें, असा दर जाहीर झाला. नवी आवृत्ति घ्यावी म्हटलें, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-चिप लागते, आणि सुमारें २०१८ पूर्वींचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादींतच नाहींत. म्हणजे जें यंत्र कालपर्यंत बिनतक्रार बिलें छापीत होतें, तें झिजल्यामुळें नव्हे, तर दुसऱ्या कोणीं तसें ठरविल्यामुळें म्हातारें झालें.

अशा वेळीं दुकानदाराला दोनच सल्ले मिळतात. पहिला, नवें यंत्र घ्या. दुसरा, कानाशीं लागून दिलेला, ‘शेटजी, चोरटी प्रत आहे, थोडक्यांत टाकून देतों.’ तिसरा मार्ग आहे, हें त्याला कोणी सांगत नाहीं. तो मार्ग म्हणजे लिनक्स ही मुक्त प्रणाली. आमचें म्हणणें असें आहे कीं, गुलमंडीच्या बाजारानें हा मार्ग केवळ पैसे वांचतात म्हणून नव्हे, तर आपल्या वहीचें स्वामित्व परत मिळतें म्हणून धरावा.

लिनक्सचा इतिहास थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. संगणकावरील आज्ञावली वापरणाऱ्याच्या मालकीची असावी, या हट्टानें अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू नांवाच्या प्रणालीचा संकल्प सोडला. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें त्या प्रणालीला उणा असलेला गाभा लिहून लोकांपुढें ठेवला. तेव्हांपासून जगभरच्या हजारों हातांनीं ही इमारत वाढविली. तिच्या परवान्यांत चार हक्क दिलेले आहेत: ती कोणत्याही कामासाठीं वापरावी, तिची आंतील रचना तपासून बदलावी, तिच्या प्रती वाटाव्या, आणि बदललेल्या प्रतीही वाटाव्या. हे हक्क एकदां मिळाले म्हणजे मूळ लेखकालाही ते काढून घेतां येत नाहींत.

ही कल्पना आमच्या शहराला अगदींच अनोळखी असूं नये. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी वसविली, तेव्हां डोंगरांतील पाणी नुसत्या उताराच्या बळावर जमिनीखालून नळांनीं शहरांत आणलें. ती नहर-ए-अंबरी. अशाच एका नहरीच्या पाण्यावर अठराव्या शतकांत पाणचक्की फिरूं लागली. ज्याला तिची रचना उमगली त्याला ती साफ करतां येई, आणि तिच्या जोडीला दुसरी काढतांही येई. पण नहरीची दुसरी शिकवणही विसरतां कामा नये. गाळ उपसणारे हात थांबले, तेव्हां नहर बुजली. जी वस्तु सर्वांची, ती राखण्याचें कामही सर्वांचें. आणि मुक्त प्रणालीचे आमच्याकडील प्रचारक नेमकी हीच गोष्ट सांगण्याचें टाळतात. त्यांचा सारा भर ‘फुकट’ या शब्दावर असतो. व्यापाऱ्याला मात्र फुकट या शब्दाचा जन्मजात संशय आहे, आणि तो संशय योग्यच आहे.

तेव्हां फुकटाची गोष्ट बाजूला ठेवून किल्लीची गोष्ट पाहूं. जुलै २०२५ मध्यें युरोपीय संघानें रशियाविरुद्धच्या निर्बंधांत गुजरातेंतील वाडीनारचा तेलशुद्धि कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीला गोंविलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टनें तिच्या सेवा स्थगित केल्या. पैसे भरलेले परवाने हातीं असतां आपल्याच माहितीपर्यंत पोंचतां येत नाहीं, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. मग सेवा पूर्ववत् झाली. भारताच्या भूमीवरील कारखाना, भारताचा कायदा, भारतांत भरलेला पैसा. आणि कुलूप मात्र युरोपांतील एका निर्णयाच्या आधारें परस्पर लागलें. ही सेवा टपालाची आणि दस्तऐवजांची होती, खुद्द विंडोजची नव्हती, हें आम्ही जाणतों. परंतु पेटी आणि टपाल यांतील अंतर दर आवृत्तीगणिक कमी होत आहे, हेंही डोळे उघडे ठेवणाऱ्याला दिसतें.

यावर कोणी म्हणेल, ‘गुलमंडींतल्या कापडवाल्यावर युरोप कशाला निर्बंध घालील?’ घालणार नाहीं, हें खरें. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला जें झालें, तें याच सत्तेचें भांडणावांचून बजावलेलें रूप आहे. नायराच्या बाबतींत कुलूप रागानें लागलें, आमच्या बाबतींत तें वेळापत्रकानें लागलें. कुलपाला राग आणि वेळापत्रक यांतील फरक कळत नाहीं.

दुसरा आक्षेप नेहमींचा: ज्याला दाम नाहीं, त्याला दम नाहीं. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं आपला खिसा चाचपावा. त्यांतील फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या तळाशीं लिनक्सचाच गाभा आहे. जगांतील सर्वांत वेगवान पांचशें महासंगणकांच्या यादींत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरी प्रणालीच नाहीं. शिवाय, फुकट तें वाईट असें म्हणणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या टेबलावर चोरून बसविलेली विंडोज असते. दाम न देतां घेतलेली ती वस्तु मात्र त्यांना उत्तम वाटते! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ६३-ब अशा प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगतें. चोरीच्या कुलपांत आपली वही ठेवणें आणि वर मुक्त प्रणालीला नांवें ठेवणें, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. सर्वांना जिची आंतील रचना दिसते, ती चोरालाही दिसणार नाहीं काय? दिसेल. मार्च २०२४ मध्यें लिनक्समध्यें सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ नांवाच्या एका लहान साधनांत कोणीतरी कपटानें चोरदरवाजा बसविल्याचें उघडकीस आलें. तो सांपडला कसा? यंत्रांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, हें एका अभियंत्याच्या लक्षांत आलें. त्यानें आंत पाहिलें आणि जगाला सावध केलें. गंमत अशी कीं, तो अभियंता मायक्रोसॉफ्टच्याच नोकरींत होता. भिंत पारदर्शक असल्यामुळें परक्या घरच्या माणसालाही चोर दिसला. बंद भिंतीआड अर्ध्या सेकंदाचा संशय आलाच असता, तरी बाहेरच्यानें तो कोठें तपासला असता?

आतां जो आक्षेप आम्ही सर्वांत वजनदार मानतों, त्याकडे वळूं. दुकानदार म्हणतो, ‘माझा हिशोब टॅलींत आहे, माझ्या पत्रिका श्रीलिपींत आणि कोरलमध्यें आहेत; तुमच्या लिनक्सवर हें चालेल काय?’ याला सरळ उत्तर: टॅली विंडोजसाठींच घडविलेली आहे, आणि कोरलवर पोट असणाऱ्या कलाकाराला लिनक्सवर ढकलणें हा अविचार आहे. जे प्रचारक ‘सारें कांहीं चालतें’ अशी थाप मारतात, ते एका आठवड्यांत उघडे पडतात आणि पुढचीं दहा वर्षें त्या पेठेचे दरवाजे या विचाराला बंद करतात. जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें सुमारें पंधरा हजार यंत्रें लिनक्सवर नेलीं, आणि २०१७ सालीं परत विंडोजकडे जाण्याचें ठरविलें, हा दाखला आमचे विरोधक देतात. तो त्यांनीं जरूर द्यावा. त्याच जर्मनींत श्लेस्विग-होलस्टाइन राज्यानें २०२४ सालीं तीस हजार यंत्रें मुक्त साधनांवर नेण्याचें जाहीर केलें, आणि आमच्या केरळांत सरकारी शाळांचें संगणकशिक्षण कित्येक वर्षें मुक्त प्रणालीवरच चाललें आहे, हेंही त्यांनीं सोबत सांगावें.

आणि पत्रिकांचीच गोष्ट निघाली, तर औरंगपुऱ्याच्या एखाद्या जुन्या छापखानेवाल्याला विचारावें. पंचवीस वर्षांपूर्वीं एका टंकांत जुळविलेला मराठी मजकूर दुसऱ्या टंकांत उघडला, तर अक्षरांचा चिवडा होतो, कारण जुन्या काळीं प्रत्येक उत्पादकाची सांकेतिक पद्धति निराळी होती. आपल्याच भाषेंतील आपलाच मजकूर, पण तो वाचण्याची परवानगी विशिष्ट उत्पादकाच्या टंकांकडे! युनिकोडनें ही बेडी तोडली, आणि मुंबईच्या आयआयटीचा ‘शोभिका’ किंवा एक टाइपचा ‘मुक्ता’ यांसारखे देवनागरी टंक आज खुल्या परवान्यावर कोणालाही घेतां येतात. परक्याच्या हातीं किल्ली म्हणजे काय, हें मराठी मुद्रकाइतकें दुसऱ्या कोणाला समजणार?

मग करावें काय? आमची सूचना माफक आहे. एखाद्या दुकानांत तीन यंत्रें असलीं, तर टॅलीचें यंत्र जसेंच्या तसें राहूं द्यावें. ज्या यंत्रावर फक्त पत्रें लिहिलीं जातात, भावपत्रकें होतात, ईमेल आणि जीएसटीचें संकेतस्थळ पाहिलें जातें, तें आधीं लिनक्सवर न्यावें. लिबरऑफिस तेथें मराठी पडद्यासह मिळतें. बसविण्यापूर्वीं छपाईयंत्र चालतें कीं नाहीं, हें समक्ष पाहावें. सर्वच छपाईयंत्रें चालत नाहींत. हें वर्षभर सुरळीत चाललें, तर पुढें हिशोबासाठीं मुंबईंत जन्मलेलें ईआरपीनेक्स्ट किंवा ग्नूखाता यांची परीक्षा घ्यावी. घाई करणाऱ्याचा आम्ही पुरस्कार करीत नाहीं. घाई ही विक्रेत्याला शोभते, मालकाला नव्हे.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. ‘बिघडलें तर कोण येईल?’ आम्ही उलट विचारतों, आज कोण येतें? विंडोज बिघडली म्हणून परदेशचा कोणी अभियंता कधीं गुलमंडींत उतरला आहे काय? येतो तो शेजारच्या गल्लींतील मुलगाच. तोच मुलगा लिनक्सही शिकूं शकतो. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानें त्यासाठीं मराठींतूनही धडे तयार केले आहेत. फरक एवढाच कीं, परवान्यापायीं बाहेर जाणारा पैसा मुक्त प्रणालींत त्या मुलाच्या मजुरीच्या रूपानें शहरांतच राहतो. मुक्त प्रणाली फुकट नाहीं. तिचें मोल द्यावेंच लागतें, पण तें परवान्याला नव्हे, माणसाला.

आणि इथेंच सुशिक्षितांची जबाबदारी येते. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ सालीं सुरू झाला. त्यानें महाराष्ट्राला संगणकासमोर बसविलें, हें त्याचें पुण्य. पण विंडोज म्हणजेच संगणक ही समजूतही त्याच काळांत घरोघर रुजली. सी-डॅकनें २००७ सालीं ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली काढली, केंद्र सरकारनें २०१५ सालीं मुक्तस्रोत साधनांना प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें. परंतु धोरण कागदावरून बाजारांत आणण्यासाठीं जीं माणसें लागतात, तीं महाविद्यालयांतून निघावयाचीं असतात. शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालयें आहेत, आणि त्यांतील विद्यार्थी दरवर्षीं कपाटांत पडून राहणारे प्रकल्प लिहितात. त्यांपैकीं दहा जणांना एकेक दुकान दत्तक द्या. प्रणाली बसवून पळून जाणें नव्हे, तर वर्षभर दर आठवड्याला तेथें जाणें, मुनिमाच्या शिव्या ऐकणें आणि त्याची अडचण सोडविणें, असा तो प्रकल्प असावा. ज्याला व्यापाऱ्याच्या काउंटरवर तासभर उभें राहण्याचा कंटाळा आहे, त्यानें स्वातंत्र्याचीं व्याख्यानें देण्याच्या भरीस पडूं नये.

पुण्यांत सी-डॅक १९८८ सालीं स्थापन झाली ती अमेरिकेनें हवा तसा महासंगणक देण्याचें नाकारल्यानंतर. तीन वर्षांत ‘परम ८०००’ उभा राहिला. तेव्हां नकार मिळाला म्हणून आम्ही शहाणे झालों. आज नकार मिळत नाहीं. उलट सर्व कांहीं सोयीनें, हप्त्यानें आणि हंसतमुखानें दिलें जातें. म्हणूनच आजचा शहाणपणा अधिक अवघड आहे. पण व्यापाऱ्याला तो शिकविण्याची गरज नाहीं. त्याला फक्त त्याचाच जुना नियम आठवून द्यावयाचा आहे: वही ज्याची, किल्ली त्याची.