विश्लेषण : कंपनी गेली, गाडी राहिली... अमेरिकेतील ‘सॅटर्न’च्या मालकांचे पुढे काय झाले?

जून २०२४ मध्ये फिस्कर ही विजेवरच्या मोटारी बनवणारी अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिची ‘ओशन’ गाडी घेतलेल्या हजारो ग्राहकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : आता या गाडीकडे बघणार कोण? अमेरिकेतील मोटारमालकांना हा प्रश्न नवा नाही. प्लिमथ, ओल्ड्समोबिल, पॉन्टिअॅक, मर्क्युरी ही एकेकाळची घराघरातली नावे गेल्या पाव शतकात एकामागून एक बंद झाली. मात्र जनरल मोटर्सच्या ‘सॅटर्न’इतका जीव ग्राहकांनी क्वचितच एखाद्या ब्रँडला लावला असेल. म्हणूनच ती बंद झाल्यावर मालकांच्या वाट्याला काय आले, हे पाहण्यासारखे आहे.

सॅटर्नचा जन्म कशासाठी झाला?

१९७०च्या दशकातील तेलटंचाईनंतर टोयोटा आणि होंडाच्या छोट्या, कमी इंधनात धावणाऱ्या आणि कुरकुर न करणाऱ्या गाड्यांनी अमेरिकी बाजारात मुसंडी मारली. जनरल मोटर्सच्या छोट्या गाड्या त्यांच्यापुढे टिकत नव्हत्या. जुन्या कारखान्यांत, जुन्या सवयींनी नवी गाडी होणार नाही, असे तेव्हाचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांचे मत झाले. ७ जानेवारी १९८५ रोजी त्यांनी सॅटर्न ही स्वतंत्र उपकंपनी जाहीर केली. नवा कारखाना, नवे विक्रेते आणि कामगारांशी नवा करार अशी ही पाटी कोरी होती. या प्रकल्पावर सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते.

सर्वात धाडसी भाग होता कामगारांशी केलेला करार. ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या संघटनेचे प्रतिनिधी आणि कंपनीचे अधिकारी अशा ९९ जणांच्या गटाने आधी देशविदेशातील कारखाने पालथे घातले. त्यातून जो करार झाला तो अवघ्या काही पानांचा होता. एरवी असे करार म्हणजे जाडजूड ग्रंथ. मूळ पगार इतर कारखान्यांपेक्षा कमी, उरलेला भाग गुणवत्ता आणि उत्पादनाच्या उद्दिष्टांशी बांधलेला. बदल्यात कामगारांना निर्णयांत खरोखरचा वाटा आणि नोकरीची बरीचशी हमी. टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या दक्षिणेला असलेल्या स्प्रिंग हिल या लहानशा गावात ३० जुलै १९९० रोजी पहिली सॅटर्न कारखान्याबाहेर आली. दुसऱ्याच दिवशी स्मिथ निवृत्त झाले. या योगायोगाची किंमत पुढे सॅटर्नला मोजावी लागली, कारण नंतरच्या वरिष्ठांना या प्रकल्पाविषयी तेवढी आपुलकी नव्हती.

लोकांना ती इतकी का आवडली?

गाडी म्हणून पहिली सॅटर्न बरी होती, थोर नव्हती. इंजिनाचा आवाज फार, आतली सजावट साधी. पण ७ हजार ९९५ डॉलरपासून सुरू होणारी किंमत खिशाला झेपणारी होती आणि दारे व बाजूचे भाग पत्र्याऐवजी पॉलिमरचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे होते. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचे दार आपटले किंवा बाजारातली ढकलगाडी येऊन धडकली, तरी पोचा पडत नसे. शोरूममधला माणूस दारावर लाथ मारून हे दाखवी आणि ग्राहक चाट पडे.

खरे वेगळेपण विक्रीत होते. अमेरिकेत नवी गाडी घेणे म्हणजे अर्धा दिवस विक्रेत्याशी हुज्जत आणि घरी परतताना आपण फसलो की काय ही रुखरुख. सॅटर्नने ही घासाघीसच बंद केली. लावलेली किंमत तीच शेवटची, शिक्षिकेला आणि वकिलाला सारखीच. कंपनीने प्रत्येक विक्रेत्याला मोठा इलाखा तोडून दिला होता, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतला दुसरा सॅटर्नवाला भाव पाडेल ही भीती नव्हती. गाडी पसंत पडली नाही, तर ३० दिवस किंवा १,५०० मैलांच्या आत परत करण्याची मुभा होती. ताबा घेताना शोरूममधले सगळे हातातले काम टाकून जमत, टाळ्या वाजवत, फोटो काढत. कुणाला हा पोरकटपणा वाटे, पण पहिलीच नवी गाडी घेणाऱ्यांना तो क्षण आयुष्यभर लक्षात राही.

१९९१ मध्ये पुरवठादाराकडून आलेल्या सदोष कूलंटमुळे १,८३६ गाड्यांची इंजिने धोक्यात आली. कंपनीने इंजिने दुरुस्त केली नाहीत. ग्राहकांना गाड्याच बदलून दिल्या. अशा गोष्टींची जाहिरात करावी लागत नाही, ती तोंडोतोंडी होते. ग्राहक समाधानाच्या पाहण्यांत ही स्वस्त गाडी लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या ब्रँडच्या पंगतीला जाऊन बसली. १९९४ मध्ये विक्री सुमारे २ लाख ८६ हजारांवर गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने मालकांना ‘माहेरी’ यावे तसे कारखान्यावर बोलावले, तर सुमारे ४४ हजार लोक स्प्रिंग हिलला पोहोचले. आपली गाडी जिथे तयार झाली तो कारखाना पाहायला, ती बनवणाऱ्या कामगारांशी हस्तांदोलन करायला माणसे शेकडो मैल गाडी हाकत आली होती.

मग बिघडले कुठे?

घरातच. सॅटर्नवर ओतलेला पैसा आपल्या वाट्याचा होता, अशी भावना शेव्हरोलेसह जनरल मोटर्सच्या इतर विभागांत होती. १९९३ मध्ये सॅटर्नने कामकाजातून नफा दाखवला, पण सुरुवातीची गुंतवणूक कधीच पुरती वसूल झाली नाही. परिणामी नव्या मॉडेलसाठी हात आखडला गेला. १९९०च्या हंगामात आलेल्या एस मालिकेतील गाड्याच थोड्याफार फेरफारांसह वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. पहिली सॅटर्न घेतलेल्या अविवाहित तरुणीला लग्नानंतर, मुले झाल्यावर मोठी गाडी हवी होती. सॅटर्नच्या शोरूममध्ये ती नव्हतीच. ग्राहक नाराज होऊन गेला नाही. त्याला हवे ते दुकानात नव्हते, म्हणून गेला. कंपनीच्या दृष्टीने ही अधिक शरमेची बाब म्हटली पाहिजे.

१९९९ मध्ये मध्यम आकाराची एल मालिका आली खरी, पण तिचा मूळ आराखडा युरोपातल्या ओपेल व्हेक्ट्राचा होता आणि ती स्प्रिंग हिलला नव्हे, तर डेलावेअरमध्ये तयार होत होती. त्यानंतर सॅटर्नचे वेगळेपण एकेक करत उतरवले गेले. स्प्रिंग हिलच्या कामगारांनी २००३च्या अखेरीस आपला खास करार सोडून राष्ट्रीय कराराला कौल दिला आणि २००७ मध्ये तिथले सॅटर्नचे उत्पादन थांबले. पुढच्या गाड्यांत ‘ऑरा’ ही शेव्हरोले मालिबूची बहीण होती, ‘स्काय’ ही पॉन्टिअॅक सॉल्स्टिसची, तर नवी ‘व्ह्यू’ म्हणजे ओपेल अंतारा. भारतात विकल्या गेलेल्या शेव्हरोले कॅप्टिव्हाची ती जवळची नातलग. गंमत म्हणजे या गाड्या आधीच्यांपेक्षा सरस होत्या. २००७ मध्ये ऑराला उत्तर अमेरिकेतील वर्षातील सर्वोत्तम कारचा पुरस्कारही मिळाला. पण तोवर जुने ग्राहक पांगले होते.

मालकांचे अनुभव सरसकट चांगले होते का?

नाही. एस मालिकेची इंजिने जुनी झाल्यावर तेल पिऊ लागत. त्या गाड्यांचे मालक आजही डिपस्टिक काढून बघितल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघत नाहीत. २००२ नंतरच्या काही व्ह्यू आणि आयन गाड्यांतील गिअरबॉक्स इतके नादुरुस्त होऊ लागले, की कंपनीला त्यांची हमी वाढवावी लागली.

सर्वात गंभीर दोष ब्रँड बंद झाल्यावर बाहेर आला. २००३ ते २००७ मधील आयन गाड्यांमध्ये इग्निशनचा जो स्विच होता, तो किल्लीला जडसा जुडगा लटकवला किंवा गाडीला धक्का बसला तरी जागचा हलू शकत असे. मग धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि अपघात झाल्यास एअरबॅग उघडत नसत. कंपनीतल्या अभियंत्यांना याची कल्पना अनेक वर्षे होती. गाड्या मात्र फेब्रुवारी २०१४ पासून परत मागवण्यात आल्या. कोबाल्टसह विविध मॉडेलच्या सुमारे २६ लाख गाड्यांत हा स्विच होता आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सॅटर्नच्या मालकांना दुरुस्तीसाठी जावे लागले ते शेव्हरोले किंवा अन्य भावंडांच्या दुकानात, कारण त्यांचे स्वतःचे दुकान चार वर्षांपूर्वीच बंद झाले होते.

शेवट कसा झाला?

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. सरकारी मदतीच्या बदल्यात ब्रँड कमी करणे भाग होते. पॉन्टिअॅकचा निकाल आधीच लागला होता. सॅटर्न मात्र वाचेल असे दिसत होते. शर्यतींच्या जगात नावाजलेले उद्योजक रॉजर पेन्स्के यांच्या कंपनीने ती घेण्याचे ठरवले. सुरुवातीला जनरल मोटर्सने गाड्या बनवून द्यायच्या, नंतर दुसऱ्या कुणाकडून बनवून घ्यायच्या, अशी योजना होती. तो दुसरा कुणी म्हणजे रेनो. तिच्या संचालक मंडळाने नकार दिला आणि ३० सप्टेंबर २००९ रोजी पेन्स्के बाजूला झाले. सुमारे ३५० विक्रेते आणि १३ हजार नोकऱ्यांचा प्रश्न एका दिवसात निकालात निघाला. ऑक्टोबर २०१० मध्ये उरलेली शोरूमही बंद झाली.

दिवाळखोरीची आणखी एक झळ मालकांना बसली. त्या प्रक्रियेत ‘जुनी’ आणि ‘नवी’ अशा दोन जनरल मोटर्स झाल्या आणि २००९ पूर्वीच्या दोषांचे दावे नव्या कंपनीवर चालणार नाहीत, अशी भूमिका तिने घेतली. इग्निशन प्रकरणात अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ती भिंत पाडली, पण तोवर अनेक कुटुंबांची वर्षे कोर्टात गेली होती.

आज गाड्या चालवणाऱ्यांची स्थिती काय?

हमी आणि देखभालीची जबाबदारी जनरल मोटर्सच्या इतर विक्रेत्यांकडे सोपवली गेली, त्यामुळे गाड्या रातोरात बेवारस झाल्या नाहीत. पुनर्विक्रीचा भाव मात्र घसरला. ज्यांना गाडी विकायची होती त्यांचे नुकसान झाले. ज्यांना चालवायचीच होती, त्यांच्यापैकी काहींनी स्वस्तात दुसरी सॅटर्न घेतली, पहिलीसाठी सुटे भाग मिळावेत म्हणून.

सुट्या भागांचा हिशेब मोठा विचित्र आहे. चाहते ज्यांना ‘खरी सॅटर्न नव्हे’ म्हणून नाके मुरडत, त्या उत्तरकाळातल्या गाड्या सांभाळणे सोपे, कारण त्यांचे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन शेव्हरोले किंवा पॉन्टिअॅकशी जुळते. २००४ ते २००७ च्या व्ह्यूमध्ये तर चक्क होंडाचे व्ही-६ इंजिन आहे. त्यासाठी कारागीरही मिळतो आणि भागही. उलट ज्या एस मालिकेवर लोकांनी जीव लावला, तिचे इंजिन आणि पॉलिमरची दारे दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसत नाहीत. पॉलिमर गंजत नाही, पण कडाक्याच्या थंडीत जोराचा मार बसला तर तडकते, आणि पत्र्यासारखे ठोकून सरळ करता येत नाही. मग भंगारवाड्यात त्याच वर्षाचे, त्याच रंगाचे दार शोधत हिंडायचे. इतरांपेक्षा वेगळी गाडी घेतल्याचा हा भुर्दंड आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना याचा थोडा अंदाज येईल. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात शेव्हरोलेची विक्री थांबवली, तेव्हा बीट आणि टवेराच्या मालकांनी हीच चिंता बोलून दाखवली होती. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला. आता तो ह्युंदाईकडे आहे. पण भारतात कंपनी गेली, ब्रँड जगात इतरत्र चालू राहिला. सॅटर्नच्या बाबतीत तेही नव्हते.

फिस्करच्या मालकांची अडचण वेगळी का?

सॅटर्न बंद पडली तेव्हा तिच्या मागे जनरल मोटर्स उभी होती आणि गाडी यांत्रिक होती. पाना धरता येणारा कुणीही ती चालू ठेवू शके. ऑस्ट्रियातील ग्राझमध्ये मॅग्नाकडून बनवून घेतलेल्या फिस्कर ओशनच्या मागे कुणी नाही आणि तिच्यातील अनेक सोयी कंपनीच्या सर्व्हरवर व सॉफ्टवेअर अद्ययावत होण्यावर अवलंबून आहेत. मार्च २०२४ मध्ये कंपनीने तिच्या सर्वात महागड्या प्रकाराची किंमत ६१ हजार ४९९ वरून ३७ हजार ४९९ डॉलरवर आणली, तेव्हा आधी पूर्ण किंमत मोजलेल्यांच्या पोटात गोळा आला. दिवाळखोरीनंतर सदोष भाग बदलण्याची मजुरी मालकांनीच द्यावी असे सांगण्यात आले. ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. उरलेल्या तीन हजारांहून अधिक गाड्या न्यूयॉर्कमधील अमेरिकन लीज या टॅक्सीचालकांना गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीने विकत घेतल्या. पण त्यांची माहिती नव्या सर्व्हरवर हलवता येत नाही, हे समजल्यावर तो व्यवहारही न्यायालयात अडला होता.

मालकांनी मात्र वाट पाहिली नाही. त्यांनी आपली संघटना उभारली आणि सुटे भाग मिळवण्याचे, सॉफ्टवेअर चालू ठेवण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतले. त्यांच्यात संगणक अभियंते आहेत, तसे ज्यांनी आजवर गाडीचे बॉनेटही उघडले नव्हते असे लोकही आहेत.