मुलांच्या कानातले गाणे

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत लसीकरण, पोषण किंवा परीक्षेचा ताण यांवर लिहावे, अशी रीत आहे. यंदा ती मोडून मी रॉक संगीतावर लिहीत आहे. माझा एक चुकलेला सल्ला त्यास कारण झाला.

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या दहावीतल्या मुलाला घेऊन आले. डोकेदुखी, अपुरी झोप, अभ्यासात लक्ष नाही. "डॉक्टर, दिवसभर कानात ते रॉक आणि रात्री गिटार. तुम्हीच सांगा याला." तपासणीत काही आढळले नाही. परीक्षा होईपर्यंत गिटार माळ्यावर ठेवा, असे मी सांगून टाकले. मुलाने निमूटपणे ऐकले.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. डोकेदुखी होतीच, शिवाय मुलाचे बोलणेही थांबले होते. मी वडिलांना बाहेर बसवले आणि म्हटले, "काय ऐकतोस ते मलाही ऐकव बघू." त्याने एक इअरफोन माझ्या हाती दिला. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चे 'मा रेवा' लागले होते. मी गोंगाटाच्या अपेक्षेने कान दिला आणि ऐकू आले ते नर्मदाकाठचे लोकगीत! गाणे संपल्यावर तो अर्धा तास बोलला. वर्गातल्या ज्या छळाबद्दल त्याने घरी अवाक्षर काढले नव्हते, तो मला तेव्हा कळला. गिटार हे त्याचे दुखणे नव्हते. दुखण्यावर त्याने स्वतःच शोधलेला तो उतारा होता आणि तोच मी काढून घेतला होता.

आपल्याकडे मोठ्या आवाजाचे सारे संगीत 'रॉक' या एकाच नावाखाली जमा होते. डिसेंबर २०२४ मध्ये धारगळला झालेला व ग्रामस्थांच्या विरोधाने गाजलेला सनबर्न महोत्सव इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा होता. मी म्हणतो ते कलावंत निराळे. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, आणि चित्रपटाच्या चौकटीवाचून आपले म्हणणे मांडण्याची हिंमत, ही त्यांची ओळख.

त्यांचा पहिला धडा आपल्या शेजारीच आहे. शापोरा नदीपलीकडच्या शिवोलीत रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत घरीच मुद्रित केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोहोचवली. पुढे १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये त्यांनी अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठवला. आपल्या किनाऱ्याचे दुखणे ओळखून ते तरुणांच्याच भाषेत सांगणारे हे गीत आपल्या अनेक व्याख्यानांहून परिणामकारक आहे, असे मला वाटते.

मुंबईत १९८४ साली स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने परक्या गाण्यांच्या नकलेचा सोपा मार्ग सोडून स्वतःची गाणी रचली. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. 'इंडियन ओशन'चे असीम चक्रवर्ती (निधन २००९) मांडी घालून तबला वाजवीत गात. 'मा रेवा' ज्यात आहे तो त्यांचा 'कंदीसा' हा संग्रह २००० सालचा. २०१० मध्ये तर त्यांनी आपली नवी गाणी इंटरनेटवर रसिकांना विनामूल्य दिली. मराठीपुरते बोलायचे तर मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' गिटार व ड्रमच्या साथीने संतांचे अभंग गातो. डिचोली तालुक्यातील विठ्ठलापूरच्या विठ्ठलापुढे ज्यांनी भजनाचे सूर ऐकले आहेत, त्यांना ते शब्द परके वाटणार नाहीत.

याने परंपरा बुडेल, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की आपल्या भजनातली पेटीसुद्धा मूळची युरोपातली. ती परकी होती हे आज कोणाच्या ध्यानातही नाही. गिटारलाही तेवढा अवधी द्यावा.

वैद्य म्हणून सावधगिरीचा शब्द सांगणे मात्र माझे कर्तव्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणमर्यादेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्यात ४० तासांपर्यंत, हे प्रमाण आहे. आवाज वाढला की हा अवधी झपाट्याने घटतो. कानात सतत गुणगुण होऊ लागली किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर तपासणी लांबवू नये. आवाजावर बंधन अवश्य घालावे. गाण्यावर घालू नये.

समव्यवसायी बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की किशोरवयीन रुग्णाला भूक आणि झोप विचारताना 'सध्या काय ऐकतोस?' हेही विचारावे. आपल्या चवथीच्या कार्यक्रमांत घुमट आरतीनंतर अर्धा तास गावातल्या मुलांच्या स्वतःच्या गाण्यांना द्यावा. आणि पालकांनी 'काढ ते कानातले' असे म्हणण्यापूर्वी त्यातला एक इअरफोन मागून घ्यावा. मी तो तीन महिने उशिरा मागितला होता.