ताईचं नाव कुठाय?

ह्या वीकांताला सेमाडोहला होतो. सोबत घरची मंडळी आणि मावसबहीण. ताई एका मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे (कुठल्या ते विचारू नका, तिला तिथेच नोकरी करायचीय :)). मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे हापिसची कटकटही नाही. सिपनाकाठी चहा पिता पिता तिनं पिशवीतून एक छापील शोधनिबंध काढला.

निबंध एका डॉक्टरांचा. एका विषयावर आधी झालेलं सगळं संशोधन गोळा करून काढलेला निष्कर्ष. ते गोळा केलं ताईनं. कुठल्या डेटाबेसात कोणते शब्द टाकायचे, कोणते वगळायचे, तीन आठवडे हेच. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ग्रंथालयाचे आभार. झालं!

"मग तूच का लिहीत नाहीस?"

"मी काय डॉक्टर आहो? मले कोण छापते बावा!"

मला हे काही पटलं नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकपणाच्या चार अटी सांगते. कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी. चारही हव्यात. म्हणजे नुसता शोध घेऊन दिला की लेखक होत नाही, कबूल. पण तेच नियम पुढे म्हणतात की पहिली अट पुरी करणाऱ्याला बाकीच्या पुऱ्या करायची संधी द्या. नेमकी हीच संधी कोणी देत नाही, आणि ताईसारखी माणसं ती मागत नाहीत.

आता कोणी म्हणेल, बढतीसाठी पैसे भरून छापलेले पेपर काय कमी आहेत, त्यात ग्रंथपालांची भर कशाला? मुद्दा बरोबर आहे. म्हणून सुरुवात पेपरपासून नको, प्रश्नापासून हवी. ताईकडे प्रश्न होता. मेळघाटच्या कुपोषणावर शोधताना 'कोरकू' टाकलं की एक यादी येते, पण जुन्या इंग्रजी कागदांत हेच लोक 'कुर्कू' आहेत. सरकारी अहवाल मराठीत, ते पबमेडमध्ये सापडायचेच नाहीत. मग डॉक्टरांच्या हातून काय काय निसटतं? हे डॉक्टरला कळणार नाही. ते ताईलाच माहीत.

आणि निसटण्याची किंमत असते. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. नीट लिहिलेला, तपासलेला आणि शोधला की सापडणारा. २०११ मध्ये सरकारनं ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर न्यायचं ठरवलं. काम तितकंच मोलाचं पण फायलीत राहिलेलं असतं तर?

बरं, ग्रंथपालांना मदत म्हणजे इंग्रजी सुधारून देणं नव्हे. अमेरिकेतल्या मेडिकल लायब्ररी असोसिएशननं २०१८ पासून आरोग्य ग्रंथपालांसाठी संशोधनाचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. त्यांचं स्वतःचं नियतकालिक तर १९११ पासून चालू आहे. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हावं: आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा, आकडेमोडीला एक जोडीदार आणि पाठवण्याआधी वाचून चुका दाखवणारा कोणीतरी. आमच्याकडे त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पहिल्यांदा जाम झोंबतं. परीक्षकांचे शेरे आले की ताईलाही झोंबणार. तेव्हा सोबत कोणी नसेल तर माणूस तिथंच सोडून देतो, असं मला वाटतं.

असो. संध्याकाळी तिला म्हटलं, तू बोल, मी टाइप करतो. प्रश्न काय, शोध कसा घेतला, काय सापडलं, त्याचा अर्थ काय. चार मथळे. ती तासभर न थांबता बोलत होती! दीड पान झालं. अर्धं मला कळलं नाही, पण टाइप केलं.

परतवाड्याला रेंज आली तेव्हा ते तिला मेल केलं. लेखकाच्या जागी तिचं नाव टाकलं होतं. तिचं उत्तर आलं, "नाव सध्या राहू दे, आधी यादी पुरी करते."

तुमच्या ओळखीत असा कोणी ग्रंथपाल असेल तर एकदा विचारून बघा.