आकडे वर जातात, परत येत नाहीत

मागच्या रमजानमधली गोष्ट. बारावा रोजा होता. अब्बा जोहरची नमाज पढून आडवे झाले, ते असरची वेळ झाली तरी उठेनात. अंग घामानं भिजलेलं, बोलणं अडखळत होतं. घरातल्या मशीनवर साखर तपासली तर पन्नासच्या खाली. हाक मारली की डोळे उघडत होते, म्हणून चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं. रोजा तुटला, अब्बा सावरले. रिक्षात घालून आम्ही त्यांना कल्याणातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

हे डॉक्टर आमच्या घरात वीस वर्षांहून जास्त काळ येतात-जातात. माझ्या बहिणीचा टायफॉइड त्यांनी काढला, अम्मीच्या शेवटच्या आजारात रात्री दोनला ते घरी आले. त्या दिवशी ते जरा चिडूनच म्हणाले, "चाचा, रोजे धरताय हे मला सांगायचं नाही का?"

अब्बा तशाही अवस्थेत हसले. म्हणाले, "अहो डॉक्टर, रमजान आहे हे सगळ्या कल्याणला ठाऊक आहे."

डॉक्टर गप्प झाले. मग हळूच विचारलं, "सकाळची गोळी सहरीला घेतली?" अब्बांनी घेतली होती, नेहमीसारखी, पूर्ण. ती ग्लिमेपिराइडची गोळी होती. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. दिवसभराच्या उपवासात तिचा डोस आणि वेळ बदलावी लागते, हे डॉक्टरांना माहीत होतं. अब्बा रोजे धरतात हेही, थोडा विचार केला असता तर, माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींना वेळेवर भेटल्या नाहीत, एवढंच.

त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे. त्यात अब्बांचं नाव, वय, मधुमेह, गोळ्या, मागच्या तपासणीची तारीख, सगळं आहे. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात रमजान मासारंभही छापलेला आहे. मग त्या कॉम्प्युटरनं डॉक्टरांना आधी का सांगितलं नाही? ईदनंतर शिरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो तेव्हा मी हेच विचारलं.

त्यांनी मला पडदा दाखवला. रंगीत आलेख होते. आज किती पेशंट आले, महिन्याची जमा किती, कोणत्या वारी गर्दी जास्त. "हे कधी बघता?" मी विचारलं. "विकत घेतलं त्या आठवड्यात बघितलं होतं," ते म्हणाले. "तुमच्याकडे मधुमेहाचे पेशंट किती?" त्यांनी अंदाजानं एक आकडा सांगितला. मग मी आणि त्यांचा कंपाउंडर बसलो, मधुमेहाच्या गोळ्यांची नावं टाकून एकेक यादी काढली. डॉक्टरांच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट नावं निघाली. त्यातली कितीतरी माणसं सहा-सहा महिने फिरकली नव्हती. डॉक्टर ती यादी बोटानं वाचत गेले. "हा अजून कल्याणात आहे?" "हिची तर किडनीची तपासणी करायची राहिली." आलेखाकडे वर्षभर न पाहणारा माणूस नावांच्या यादीवरून अर्धा तास उठला नाही.

त्या अर्ध्या तासानं मला जे शिकवलं तेच या लेखात सांगायचं आहे. आपले फॅमिली डॉक्टर आकड्यांकडे पाहत नाहीत, त्यांना डॅशबोर्ड नको असतो, अशी तक्रार अधिकारी आणि सॉफ्टवेअरवाले नेहमी करतात. मला ती अर्धवट वाटते. गाडीच्या डॅशबोर्डवर पेट्रोल संपत आल्याचा दिवा लागतो तो गाडी चालवणाऱ्यासाठी, आरटीओच्या साहेबांसाठी नव्हे. डॉक्टरांकडचे आकडे मात्र वर जाण्यासाठीच गोळा होतात. कधी महापालिकेकडे, कधी जिल्ह्याकडे, कधी दिल्लीकडे. परत काही येत नाही. जे परत येत नाही त्यात मन कोण घालणार?

याचा उलटा अनुभवही आपल्याच शहरात आला आहे. २०२० साली कोविडमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं 'फॅमिली डॉक्टर कोविड फायटर' आणि 'डॉक्टर आर्मी' या नावांनी खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. आयएमए, निमा, होमिओपॅथिक डॉक्टरांच्या संघटना सामील झाल्या. तापाचा माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, महापालिकेकडे नाही, हे साधं सत्य कुणीतरी ओळखलं होतं. संशयित रुग्ण डॉक्टरांनी कळवायचा आणि पुढचं पालिकेनं पाहायचं. जून २०२१ मध्ये स्मार्ट सिटी पुरस्कार जाहीर झाले तेव्हा कोविडमधल्या नव्या उपक्रमांसाठीचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी या दोन शहरांना मिळाला. त्या काळात डॉक्टर माहिती देत होते, कारण दिलेल्या माहितीचं पुढं काहीतरी होताना दिसत होतं. साथ ओसरली, आणि ती सवयही ओसरली.

क्षयरोगाचंच घ्या. ७ मे २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरनं क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे. त्यासाठी निक्षय हे पोर्टल आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूदही झाली. कळवणाऱ्या खासगी डॉक्टरला रुग्ण नोंदवल्यावर ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये, अशी योजना आहे. काठीही आहे, गाजरही आहे. यामुळे नोंदी वाढल्या, हे मान्य. पण नोंद करणं वेगळं आणि नोंदीवरून आपल्या कामाकडे पाहणं वेगळं.

हे पाहणं किती गरजेचं आहे, ते डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत दाखवून दिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १०६ खासगी डॉक्टरांना क्षयाची औषधयोजना लिहायला सांगितलं. ६३ वेगवेगळ्या प्रकारे ती लिहिली गेली आणि फक्त ६ जणांची बरोबर निघाली. हे वाचून डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे. पण मला वेगळाच प्रश्न पडतो. या १०६ जणांपैकी प्रत्येकाला आपली बरोबर आहे असंच वाटत असणार ना? शेजारचा काय लिहितो आणि आपल्या पेशंटचं पुढं काय झालं, हे त्यांना कुणी कधी दाखवलं होतं? ज्याला आरसाच मिळाला नाही त्याला चेहऱ्यावरच्या डागाबद्दल बोल कसा लावायचा?

आता कुणी म्हणेल, आरसा दाखवून खरंच फरक पडतो का? पडतो, पण थोडा. डॉक्टरांना त्यांच्याच कामाचे आकडे परत दाखवण्याबद्दल जगभर झालेल्या १४० अभ्यासांचा आढावा कॉक्रेन संस्थेनं २०१२ साली घेतला. योग्य उपचारात साधारण चार टक्क्यांची सुधारणा दिसली. चार टक्के म्हणजे फार नाही. पण त्याच आढाव्यात महत्त्वाची गोष्ट आहे: काही ठिकाणी परिणाम बराच जास्त होता. कुठे? आकडे वरिष्ठानं किंवा सहकारी डॉक्टरनं समोर ठेवले तिथे. एकदाच न देता पुन्हा पुन्हा दिले तिथे. कागदावर दिले आणि तोंडीही सांगितले तिथे. आणि आता नेमकं काय करायचं, कुठवर पोचायचं, हे बरोबर ठरवलं तिथे. म्हणजे काम पडदा करत नाही. पडद्यापाशी बसून बोलणारा माणूस काम करतो.

यासाठी भारी यंत्रही लागत नाही. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात ज्यूलियन ट्यूडर हार्ट नावाच्या डॉक्टरनं १९६० च्या दशकापासून गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजून लिहून ठेवला. जो दवाखान्यात आला नाही त्याला शोधून काढलं. त्यांचा डॅशबोर्ड म्हणजे कागदी नोंदी आणि न आलेल्यांची आठवण.

आपल्या महाराष्ट्रातही नमुना आहे. रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात घेतले गेले. तिथल्या सरकारी केंद्रांवर 'सिंपल' नावाचं मोबाइल अॅप वापरलं गेलं. त्यात नर्स रुग्णाचा रक्तदाब टिपते आणि ठरलेल्या तारखेला जे आले नाहीत त्यांची यादी तिला मिळते. फोन लावायचा, "काका, गोळ्या संपल्या असतील, या" म्हणायचं. एवढंच. पण सिंधुदुर्गातल्या आरोग्य केंद्रात जे होतं ते कल्याण-डोंबिवली, मुंब्रा, राबोडीतल्या खासगी दवाखान्यांत क्वचित दिसतं. आणि आपली बहुतेक माणसं तर तिथंच जातात.

मग करायचं काय? माझ्या सूचना साध्या आहेत.

पहिली, आलेखाऐवजी नावं द्या. "तुमच्या ४० टक्के रुग्णांची साखर जास्त आहे" हे वाचून डॉक्टर उसासा टाकेल. "या बारा जणांना या आठवड्यात फोन करा" हे वाचून फोन लावेल.

दुसरी, नोंदीचं ओझं डॉक्टरवर टाकू नका. संध्याकाळी साठ पेशंट बाहेर बसलेले असताना डॉक्टर टाइप करणार नाही, आणि त्यानं करूही नये. कंपाउंडर, रिसेप्शनवरची मुलगी हे काम शिकू शकतात. आमच्या डॉक्टरांकडे ते झालं.

तिसरी, महिन्यातून एकदा दहा-बारा डॉक्टरांनी एकत्र बसावं. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, सगळ्यांनी. आपापले आकडे समोर ठेवावेत, चहा प्यावा, बोलावं. महापालिकेनं जागा द्यावी आणि एक जाणकार डॉक्टर पाठवावा. नोटिसा पाठवू नयेत.

चौथी सूचना नाजूक आहे. रुग्णाचं नाव दवाखान्यातच राहावं, वर फक्त संख्या जावी. कायद्यानं नाव कळवावंच लागतं अशा आजारांची गोष्ट वेगळी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण २०२० साली मरकजच्या प्रकरणानंतर आमच्या मोहल्ल्यांत 'यादी' या शब्दाची धास्ती बसली होती. पुढं त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, पण बसलेली भीती एका निकालानं उठत नाही. लोक डॉक्टरला खरं सांगतात ते डॉक्टर आपला आहे म्हणून. हा भरवसा गेला तर कुठलंच सॉफ्टवेअर तो परत आणू शकणार नाही.

आणि आपली, रुग्णांचीही, जबाबदारी आहे. अब्बांनी रोज्यांबद्दल सांगितलं नाही, कारण डॉक्टर मना करतील अशी धास्ती होती. आजारी माणसाला सवलत आहे हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती स्वतःला लागू आहे असं कुणालाच वाटत नाही. २००१ साली १३ देशांत झालेल्या एपिडायर या अभ्यासात रमजानमध्ये टाइप २ मधुमेहींची साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण इतर महिन्यांच्या साडेसात पट आढळलं होतं. म्हणूनच मधुमेह आणि रमजानवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरला भेटा. म्हणजे आपल्या हिशेबानं रज्जबचा चांद दिसला की. मशिदीत जुम्याला एवढी एक सूचना सांगायला काय हरकत आहे?

यंदा रज्जबमध्ये अब्बांना दवाखान्यातून फोन आला. कंपाउंडर होता. "चाचा, डॉक्टरांनी बोलावलंय. रमजानच्या गोळ्यांचं बघायचंय." अब्बांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बघ, डॉक्टरला आठवण आहे."

मी त्यांना यादीचं काही सांगितलं नाही. डॉक्टरला आठवण होती, हे खरंच होतं. त्यांना ती कुणीतरी वेळेवर करून दिली होती.