संवादाचे मार्क रोग्याच्या हाती द्या

सुरतमधलं भेस्तान, पांडेसरा, उधना. या पट्ट्यात यंत्रमागावर राबणारी माणसं धुळे-नंदुरबारची, जळगावची, ओडिशाची, उत्तर प्रदेश-बिहारची. आजारी पडली की गाठायचं नवी सिव्हिल नाहीतर स्मीमेर रुग्णालय. दोन्ही ठिकाणी उद्याचे डॉक्टर याच माणसांच्या अंगावर शिकतात. आणि त्यांना या माणसांशी बोलता येतं का, हे आपण कागदावर तपासतो! ही शुद्ध फसवणूक आहे.

मेडिकल कौन्सिलने 2018 मध्ये 'एटकॉम' आणलं: वृत्ती, नीतिमत्ता, संवाद. 2019 च्या तुकडीपासून ते एमबीबीएसला लागू झालं. क्लिनिकल विषयांच्या प्रत्येक पेपरात त्यावर किमान एक प्रश्न हवा आणि प्रत्यक्ष कौशल्य प्रात्यक्षिकात, तोंडीत तपासावं, असं नियमच सांगतो. पहिलं सोपं, म्हणून ते होतं. 'रोग्याला वाईट बातमी कशी द्याल?' याचं उत्तर पोरं गाइडमधून पाठ करतात.

आमच्या गल्लीतल्या एका कारागिराला टीबी झाला. औषध सुरू होताच लघवी लालसर झाली. रक्तच पडतंय, असं समजून त्याने गोळ्या सोडल्या. रिफाम्पिसिनने लघवीचा रंग बदलतो, घाबरायचं नाही, हे एक वाक्य त्याला कळेल असं कुणीच बोललं नव्हतं. केसपेपर मात्र व्यवस्थित भरलेला होता.

रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये डंडीहून 'ओस्की' ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली. विद्यार्थी एकेका टेबलावर जातो, परीक्षक समोर बसून पाहतो. पद्धत चांगली आहे. पण नमस्कार केला, नाव विचारलं, मान डोलावली, एवढ्या खुणांवर मार्क पडणार असतील तर ती नाटकाची तालीम ठरते. ओपीडीतला खराखुरा रोगी बसवा, अहिराणी किंवा ओडिया बोलणारा. त्याची संमती घ्या. विद्यार्थ्याचं बोलून झालं की रोग्यालाच विचारा: कोणती गोळी, किती महिने, काय झालं तर परत यायचं? त्याला सांगता आलं नाही तर विद्यार्थी नापास. बाकी विषयांत सुवर्णपदक असलं तरी नापास.

गर्दीत वेळ कुठे, असं प्राध्यापक म्हणतील. सहा महिन्यांचं औषध अर्ध्यात सुटलेला माणूस पुन्हा त्याच रांगेत येतो, कधी औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन. तेव्हा त्याला किती वेळ द्यावा लागतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.