बर्फाची आणेवारी कोण काढणार?

प्रति,
उत्तराखंडचे माननीय पर्यटनमंत्री, पर्यटन खात्याचे अधिकारी, चमोलीचे जिल्हाधिकारी,
आणि औलीच्या विकासाचे आराखडे ज्यांच्या टेबलावर तयार होतात ते सर्व

विषय : औलीच्या हिवाळी हंगामात खालच्या गावाचा वाटा



मी पारनेर तालुक्यातला. आमच्याकडं कुणी "यंदा कसं काय?" असं विचारलं तर माणूस तब्येतीचं सांगत नाही, ज्वारीचं सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये जोशीमठच्या बाजारात एका दुकानदाराला मी सवयीनं तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "अब की बार तो सूखा पड़ गया, भाईसाहब." बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि हा माणूस दुष्काळाचं बोलत होता. आमच्या गावच्या पारावर बसल्यासारखंच वाटलं मला.

त्याचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक अरुंद खोली. गावाच्या वर स्कीचे उतार आहेत ते औलीला, तिथं जाणाऱ्यांना तो गमबूट, जाड जॅकेटं आणि हातमोजे भाड्यानं देतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दारात ओल्या बुटांची रांग लागलेली होती. टाचांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर घातलेले. त्यानं माझ्या पायाकडं नुसतं बघून आठ नंबरचा जोड पुढं सरकवला आणि तो बरोबर बसला. पाच वर्षांनी तेच बूट सुतळीनं बांधून आढ्याला टांगलेले होते, तळवे कोरडे ठणठणीत. "ऊपर घास है, बूट का क्या करोगे?" असं तोच म्हणाला. मी लोकरीचे मोजे घेऊन निघालो.

हे पत्र त्या टांगलेल्या बुटांबद्दल आहे.

गावाचं सरकारी नाव २०२४ पासून ज्योतिर्मठ झालं आहे. मी जुन्या सवयीनं जोशीमठच लिहितो, रागावू नये. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या १७ हजारांच्या आत होती. एवढ्याशा गावाला दोन हंगाम आहेत, आणि ते मला आमच्याच भाषेत सांगता येतील. बद्रीनाथची यात्रा हे खरीप. मंदिराची दारं उन्हाळ्याच्या सुरुवातीला उघडतात आणि नोव्हेंबरात मिटतात. २०२३ साली १८ लाखांहून अधिक यात्रेकरू बद्रीनाथला गेले, आणि त्यांची वाट याच गावातून जाते. दारं मिटली की रस्ता ओस पडतो. मग डिसेंबर ते मार्च औलीचा बर्फ, हे रब्बी. औलीनं जोशीमठला दुबार पिकाचं गाव केलं. उन्हाळ्यात यात्रेकरूंना जेवू घालणारा ढाबेवाला हिवाळ्यातही चूल पेटती ठेवू लागला. गावातली पोरं स्की शिकली आणि शिकवू लागली. एरवी जी पोरं डेहराडून-दिल्लीला हॉटेलात भांडी घासायला गेली असती, ती चार महिने घरी राहू लागली. एका डोंगरउतारानं गावाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगेन. बाकीच्या गोष्टी नंतर.

पण रब्बीच्या पिकाचा पैसा शेतापासून घरापर्यंत कोणत्या वाटेनं येतो, तेही पाहावं लागतं. इथं ती वाट म्हणजे रोपवे होता. सुमारे ४ किलोमीटर लांब, दहा मनोरे, २५ माणसांची केबिन, आणि खालचं ठाणं गावातच. २०१९ ला आमचा नंबर यायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत आमच्या सहा जणांनी दोनदा चहा घेतला, आलूपराठे खाल्ले, बूट भाड्यानं घेतले, दोघांनी टोप्या घेतल्या. सकाळची केबिन मिळावी म्हणून आदल्या रात्री मुक्कामही गावातच केला होता. रांगेत उभं राहणं आम्हाला त्रासाचं वाटत होतं. बाजाराचं पोट त्या रांगेवर भरत होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात रोपवे थांबला, कारण खालची जमीनच सरकू लागली होती. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा आमची गाडी बाजारातून न थांबता थेट वर गेली. दिवसभर वर, जेवण वर, संध्याकाळी परत. टॅक्सीवाल्यांना चार पैसे जास्त मिळाले, हे खरं. पण टॅक्सीच्या खिडकीतून कुणी टोपी विकत घेत नाही.

जमीन सरकली त्याची कहाणी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलं आहे, इथं जड बांधकाम नको, झाडं तोडू नका, पाण्याचा निचरा नीट करा, असं सरकारनंच नेमलेल्या मिश्रा समितीनं १९७६ साली सांगितलं होतं. त्यानंतर बहुमजली हॉटेलं उभी राहिली आणि सांडपाणी शोषखड्ड्यांतून त्याच मलब्यात मुरत राहिलं. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत गाव ५.४ सेंटिमीटर खचल्याची नोंद उपग्रहानं केली. ८६८ इमारतींना तडे गेले आणि एकमेकांवर रेललेली दोन हॉटेलं पाडावी लागली. जवळच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यामुळं झालं की निचऱ्याअभावी, हा वाद तज्ज्ञांत चालू राहील. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. पर्यटकांसाठी खोल्या गावानं बांधल्या, त्या खोल्यांचं पाणी गावाच्या पायाखाली गेलं, आणि गटारासाठी पैसा मात्र कोणत्याच खात्यावर नव्हता. वरच्या उताराची कमाई एका वहीत, खालच्या गावाचा खर्च दुसऱ्या वहीत.

याचं ढळढळीत उदाहरण जून २०१९ चं. औलीच्या कुरणावर एका धनाढ्य घराण्यातली दोन लग्नं लागली. खर्च २०० कोटींचा असल्याच्या बातम्या आल्या. उच्च न्यायालयानं ३ कोटी रुपये अनामत ठेवायला सांगितलं. वऱ्हाड उठून गेल्यावर तीनशे क्विंटलहून अधिक कचरा निघाला, आणि तो उचलायला वर चढले ते नगरपालिकेचे सफाई कामगार. लग्न औलीचं, खरकटं जोशीमठचं.

आता बर्फाचं. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धांतल्या स्कीच्या शर्यती औलीला झाल्या. त्या सुमारास वर कृत्रिम तळं बांधलं, बर्फ तयार करणारी यंत्रं आणली. आमच्याकडच्या शेततळ्यासारखीच ती कल्पना, पाऊस दगा देईल तेव्हा आधाराला. पण यंत्राला बर्फ करायलाही थंडी लागते आणि देखभाल लागते. २०२३ च्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्गचे उतारही उघडे होते. हिमालयातला हिवाळा उशिरा येऊ लागला आहे आणि घाईनं परतू लागला आहे. स्पर्धा रद्द झाली की तुमच्याकडं एक परिपत्रक निघतं. गावात मात्र आगाऊ रक्कम परत करावी लागते, पोऱ्यांना घरी पाठवावं लागतं, बँकेचा हप्ता थकतो. याची नोंद कुठंच होत नाही.

आमच्या महाराष्ट्रात शेतकऱ्याची दैना काही कमी नाही, पण एक गोष्ट आहे. दरवर्षी गावोगाव पिकाची आणेवारी काढतात. आता कागदोपत्री तिला पैसेवारी म्हणतात. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होतात, जमीन महसुलात सूट, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांच्या परीक्षेची फी माफ. आकड्यांवरून भांडणं होतात, मदत तोकडी पडते, सगळं मान्य. तरी पीक गेलं, हे सरकार निदान लिहून देतं. जोशीमठचं पीक गेल्याचं कुणी लिहून देत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या.

पहिली, बर्फाची आणेवारी काढा. औलीलाच भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहण व स्कीइंग संस्था आहे, बर्फ मोजणं त्यांना शिकवावं लागणार नाही. १५ जानेवारी आणि १५ फेब्रुवारी अशा दोन तारखांना तहसीलदार, संस्थेचा एक प्रतिनिधी आणि गावातले दोन गाइड यांनी उतारावर बर्फ किती, किती दिवस टिकला, ते लिहावं. निम्म्याखाली भरलं तर त्या हंगामापुरती कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ, पालिकेच्या करात सूट, आणि गाइड, खेचरवाले, बूटवाले यांना रोजगार हमीचं काम द्यावं. गटारं खणायचं काम तर गावात पडूनच आहे.

दुसरी, तिकिटातला वाटा कायद्यानं गावाला द्या. फ्रान्सनं १९८५ मध्ये डोंगराळ भागासाठी कायदा केला. त्यानुसार स्कीच्या लिफ्टच्या तिकीटविक्रीवर खालच्या गावाला ३ टक्क्यांपर्यंत कर लावता येतो. औलीची चेअरलिफ्ट आणि पुढं जो रोपवे होईल तो, यांच्या प्रत्येक तिकिटातून ठरावीक हिस्सा पालिकेच्या वेगळ्या खात्यात जावा. तो फक्त सांडपाणी, निचरा आणि कचरा यांवरच खर्च व्हावा. गावाच्या पुनर्वसनासाठी केंद्रानं २०२३ च्या अखेरीस सुमारे १,६५८ कोटींची योजना मंजूर केली. ते औषध झालं. रोजची भाकरी तिकिटातूनच यायला हवी.

तिसरी, नवा रोपवे जमिनीचा कस पाहूनच बांधा, त्यात घाई नको. पण जागा निवडताना भूगर्भतज्ज्ञांइतकंच बाजारालाही विचारा. खालचं ठाणं गावापासून दूर, मोठ्या पार्किंगसह आणि आत दुकानांसह बांधलं, तर पर्यटक गावाला वळसा घालून वर जातील. हेलंग-मारवाडी बायपास पुरा झाला की बद्रीनाथच्या गाड्याही बाहेरून जाऊ लागतील. जड वाहनांचा भार कमी होणं गावाच्या जमिनीला हवंच आहे. पण खरीपही बाहेरून आणि रब्बीही बाहेरून गेलं, तर गावानं खायचं काय?

चौथी, बर्फाशिवायचं पीकही पेरा. फ्रान्समधल्याच मेताबिएफ या स्कीच्या ठिकाणानं २०२० मध्ये ठरवलं की उतारावरच्या स्कीइंगमध्ये आता नवा पैसा घालायचा नाही, येत्या काही वर्षांत त्यातून बाहेर पडायचं. जोशीमठला तर हिवाळ्यातही देव घरी असतो. बद्रीनाथची दारं मिटल्यावरची हिवाळी गादी गावातल्या नृसिंह मंदिराच्या आवारात येते. कुआरी खिंडीची वाट आहे, गोरसोंचं कुरण आहे. शेजारच्या रैणी गावात १९७४ साली गौरादेवींनी आणि गावातल्या बायांनी झाडं वाचवली, ते पाहायला माणसं मुद्दाम येतील. आराखड्यात ही नावं असतात. पण पैसा उताराला जातो आणि यांच्या वाट्याला माहितीफलक येतो.

आम्ही पर्यटकही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्याकडून हिमालयात जाणारे कितीतरी गट आचारी, किराणा, लोणच्याच्या बरण्यांसकट निघतात. तिथं जाऊनही पिठलं-भाकरीच खातात आणि गावात विकत घेतात ती पाण्याची बाटली, जी वरच फेकून येतात. पहिल्या खेपेला आम्हीही दोन डबे भरून चिवडा नेला होता. पण माझी सवय मी बदलू शकतो. तिकिटाचा कायदा मला बदलता येत नाही, तो तुम्हाला येतो.

शेवटी पुन्हा त्या दुकानाकडं येतो. मोज्यांचे पैसे देताना गल्ल्यामागच्या लाकडी फळीवर माझं लक्ष गेलं. त्यावर निळ्या पेनानं एकाखाली एक तारखा लिहिलेल्या होत्या. "काय हे?" म्हणून विचारलं. दर हिवाळ्यात बुटांचा पहिला जोड ज्या दिवशी भाड्यानं जातो, ती तारीख तो लिहून ठेवतो. वरच्या तारखा डिसेंबरच्या होत्या, खालच्या जानेवारीकडं सरकत आलेल्या. सगळ्यात खाली २०२४ असं साल लिहून पुढची जागा त्यानं मोकळी ठेवली होती.

आणेवारी काढायला सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला, तर ती फळी बघून या. जाताना बुटांचा एक जोडही भाड्यानं घ्या. नंबर सांगायची गरज पडणार नाही.

कळावे,
आपला,
पारनेर तालुक्यातला एक कोरडवाहू पर्यटक